रोपांवरची ४० मेशची जाळी, चार स्टार

शेजारच्या काकूंपासून सगळे विचारायलेत म्हणून इथंच लिहून टाकतो. परसातल्या टोमॅटो, मिरची, कोबीच्या तरूवर घालायला बेळगावात खडेबाजारातनं कीडरोधक जाळी आणली, पांढरी नायलॉनची, ४० मेश, म्हणजे एका इंचात ४० भोकं. दुकानदार आधी हिरवी शेडनेटच काढून दाखवायला लागला, घरच्याला हीच बसते म्हणे. ती घेऊ नका हं, ती उन्हासाठी असते, तिच्या भोकांतनं पांढरी माशी आरामात जाते आणि सावलीनं रोपं नुसती उंच किडकिडीत होतात ते वेगळंच.

टोमॅटोला फरक लगेच कळतो. पांढरी माशी रस पिते ते एकवेळ चालेल, पण ती बोकड्याचा विषाणू सोडून जाते आणि पानं एकदा आकसली की कुठलंच औषध चालत नाही, रोप उपटायचं. म्हणून लावल्या दिवसापासनं जाळी पाहिजे, माशी दिसल्यावर घालून काय उपयोग! कोबीवर पतंग अंडी घालतात तेपण थांबलं, फक्त जाळी पानाला टेकू द्यायची नाही, टेकली तर बाहेरनंच अंडी घालतात की. मी बांबूच्या कामट्या वाकवून कमानी केल्यात आणि कडा चारी बाजूनी मातीत पुरल्यात. नुसते दगड ठेवून भागत नाही.

आता कमी काय ते. फुलकिडे एवढे बारीक की ४० मेशमधनं पण शिरतात, मिरचीवाल्यांनी ध्यानात ठेवा. आणि मावा आधीच आत असला तर त्याची मजाच, कारण त्याला खाणारे ढालकिडे बाहेर राहतात. म्हणून झाकायच्या आधी पानं उलटी करून बघायची, लिटरला ५ मिली निंबोळी तेल नि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचं, उन्हात त्याचा जोर जातो. आपल्याकडं जून-जुलैच्या झडीत आत ओल धरते, बुडाशी कुजून रोपं कोलमडतात, तेव्हा उघडीप मिळाली की जाळी वर करावी लागते. कडेची शिलाई पण उसवली, एक स्टार त्याचा कापला.

काकडी-दोडक्यावर घालणार असाल तर फुलं आली की काढा, मधमाशी आत आली नाही तर फळ धरणार कुठनं? टोमॅटो-मिरचीला तेवढी अडचण येत नाही.