‘चार वर्षं चालू असलेली टाकी’ घेतली आणि आमचे चार मासे गेले

टोरंटोत थंडीपूर्वी तळ्यातले गोल्डफिश घरात घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. विशेषतः जुनी टाकी घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी एवढं वाचा.

स्कारबरोतल्या आमच्या घरामागे आधीच्या मालकांनी बांधलेलं लहानसं तळं आहे, जेमतेम दीड फूट खोल. त्यात सात गोल्डफिश होते. तळं पुरेसं खोल असेल तर हे मासे बर्फाखाली थंडी काढतात, वर हवेसाठी एक भोक मोकळं ठेवावं लागतं. दीड फुटाच्या तळ्याचा मात्र इथल्या जानेवारीत भरवसा नाही. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा उजाडला, रात्रीचा पारा शून्याकडे सरकायला लागला आणि आमच्याकडे टाकी नव्हती.

ऑनलाइन जाहिरात दिसली. २८० लिटरची टाकी, स्टँड, फिल्टर, सगळं मिळून ४०० डॉलर. ‘चार वर्षं चालू, फिल्टर तयार, त्याच दिवशी मासे सोडा.’ मी भुलले ती या शेवटच्या वाक्याला. मासे श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले असावे लागतात आणि नव्या फिल्टरमध्ये ते वाढायला चार ते सहा आठवडे जातात. मला तेवढे दिवस हवे होते आणि हा माणूस ते विकत देत होता.

फोनवर फार गोड बोलला. दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय म्हणाला, म्हणून मी १०० डॉलर लगेच ई-ट्रान्सफरने पाठवले. गेलो तेव्हा टाकी रिकामी, गॅरेजमध्ये पुसून ठेवलेली. ‘तुम्हाला उचलायला सोपं जावं म्हणून कालच रिकामी केली.’ फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा. मी विचारलं तर म्हणाला, ‘जिवाणू झोपतात, पाणी मिळालं की जागे होतात.’ हे साफ खोटं आहे. स्पंज वाळला की त्यावरचे जिवाणू मरतात. मला हे तेव्हा पक्कं ठाऊक नव्हतं आणि मुलगा गाडीत वाट बघत होता. उरलेले ३०० दिले.

घरी सासूबाईंनी तो स्पंज हातात घेतला. म्हणाल्या, ‘अगं, हा तर कोरा आहे. चार वर्षं पाण्यात राहिला तर असा राहील का?’ त्यांच्या सांगलीच्या वाड्यातल्या विहिरीच्या पायऱ्या त्यांना आठवत होत्या. पाण्यातली वस्तू बुळबुळीत होते, तपकिरी पडते, तिला ओल्या मातीचा वास येतो. या स्पंजला साबणाचा वास होता. मी म्हटलं, आई, त्याने धुतला असेल. त्यांचं ऐकायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पंख अंगाला चिकटवलेले. अमोनियाच्या चाचणीच्या नळीत पिवळा रंग यायला हवा, तिथे गडद हिरवा आला. त्या रात्रीपासून रोज निम्मं पाणी बदललं. टोरंटोच्या नळाच्या पाण्यात जंतू मारायला घातलेलं क्लोरामाइन असतं, ते माशांना घातक. ते बादली रात्रभर उघडी ठेवून उडून जात नाही, त्यासाठी औषधच घालावं लागतं. गावाकडच्या सवयीने पाणी नुसतं भरून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पहिला गेला तो पांढऱ्या पाठीचा, नारिंगी शेपटीचा. तळ्यावर खाण्याच्या डब्याचं झाकण वाजलं की सगळ्यांत आधी हाच काठाशी यायचा. माझ्या मुलाने त्याला ओंजळीत धरलं तेव्हा त्याचे कल्ले अजून हलत होते. आठवड्याभरात आणखी तीन गेले.

मग मी मोजपट्टी घेतली. आतून ९१ बाय ४६ बाय ४१ सेंटीमीटर. गुणाकार करून हजाराने भागा, साधारण १७२ लिटर होतात. २८० कुठले? हे मोजायला त्याच्या गॅरेजमध्ये एक मिनिट लागलं असतं.

त्याला फोन केला. ‘तुम्ही खायला जास्त घातलं असणार,’ म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून नंबर लागेना. बँकेचं उत्तर होतं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, पलीकडच्या खात्यात जमा झालेत, आता परत येणार नाहीत.

म्हणून कळकळीने सांगते, टाकीत मासे पोहताना दिसत नसतील तर ‘चालू फिल्टर’ या शब्दांना एक डॉलरही जास्त देऊ नका. दिसत असतील तर त्याच पाण्याची अमोनियाची चाचणी विकणाऱ्यासमोर करा. स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा आणि घरी पोचल्याबरोबर फिल्टर चालू करा. आगाऊ पैसे तर नकोच. खरं तर विकतच्या जिवाणूंची गरजच नाही, हे मला फार उशिरा समजलं. तळ्याला पंप असेल तर उन्हाळ्यातच त्यात एक जास्तीचा स्पंज ठेवून द्यायचा आणि मासे आत घेताना तोच ओला स्पंज टाकीच्या फिल्टरमध्ये घालायचा. आमचा या वर्षीचा स्पंज जूनपासून पंपाशी आहे, चांगला तपकिरी झालाय.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा मासे ओढ्यात सोडायचे. तसं कधीही करू नका. ऑन्टारियोत ते बेकायदा आहे, आणि हे मासे तिथे तगून इथल्या मूळ माशांच्या जिवावर उठतात.

वाचलेले तीन मासे आमच्या तळघरात, हीटरशिवाय, ती थंडी काढून मे महिन्यात तळ्यात परतले. मागच्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा दिसली. तोच फोटो, भरलेली टाकी, मागे निळा पडदा. किंमत ४५० झाली आहे. फोटो कुणाच्या घरातला आहे देव जाणे. निळा पडदा दिसला तर फोन करू नका.