३१ टक्क्यांवरून ९४ टक्क्यांवर : वैमानिकांच्या बिडिंग प्रणालीचे परीक्षण

अमेरिकेतील एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून काम करताना ज्या संगणकीय सेवेशी दर महिन्याला गाठ पडते, तिचे हे परीक्षण आहे. प्रेफरेन्शियल बिडिंग सिस्टीम, आमच्या बोलण्यात नुसते ‘पीबीएस’, वैमानिकांकडून पसंती (‘बिड’) मागवून महिन्याच्या फेऱ्या वाटते आणि प्रवाशांच्या दृष्टीस कधीच पडत नाही. परंतु वैमानिक दिवाळीच्या दिवशी घरी असेल की ओमाहाच्या हॉटेलात, हे तीच ठरवते. बोईंग ७३७ वर असताना मी या प्रणालीवर पूर्णपणे खूश होतो. दीड वर्षापूर्वी मी लांब पल्ल्याच्या मोठ्या ७८७ वर गेलो आणि तीच प्रणाली खालून कशी दिसते ते पाहिले.

कंपनीतील ज्येष्ठता क्रमांक रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो. कौशल्याने, वशिल्याने किंवा तक्रारीने तो बदलत नाही. वरचे लोक निवृत्त होतात तसतसा तो वर सरकतो, इतकेच. मात्र मासिक वाटप कंपनीच्या अखंड यादीवरून होत नाही. बेस (ज्या विमानतळावरून काम सुरू होते तो), विमानाचा प्रकार आणि आसन (कॅप्टनचे की फर्स्ट ऑफिसरचे) मिळून एक ‘कॅटेगरी’ होते, आणि प्रणाली त्या कॅटेगरीतील सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या पसंती घेऊन त्याचे महिनाभराचे वेळापत्रक बांधते, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, अशी खाली उतरत जाते. तळाशी येईपर्यंत कोणालाच नको असलेल्या फेऱ्या उरतात, आणि ज्यांच्या वाट्याला त्याही येत नाहीत ते रिझर्व्हवर, म्हणजे गरज पडल्यास बोलावणे येईल म्हणून राखीव, बसतात. ७३७ वर मी आमच्या बेसच्या यादीत ३१ टक्क्यांवर होतो, म्हणजे शंभरांत साधारण तीस जणच माझ्या पुढे. शनिवार-रविवार सुट्टी, सकाळी ९ च्या आधी हजेरी नाही, रात्रभराचे उड्डाण नाही, असे लिहावे आणि बहुतेक महिने तसेच मिळावे. ७८७ वर त्याच क्रमांकासह मी ९४ टक्क्यांवर जाऊन पडलो.

प्रणालीच्या बाजूने सांगायचे तर तिच्या प्रामाणिकपणात मला खोट सापडलेली नाही. वाटप झाल्यावर ती प्रत्येक नाकारलेल्या पसंतीचे कारण देते. अमुक फेरी तुमच्याहून ज्येष्ठ वैमानिकाला गेली, किंवा त्या दिवशी मनुष्यबळ कमी असल्याने सुट्टी देता आली नाही, असे स्पष्ट लिहिलेले असते. रोस्टर विभागातल्या कोणाशी ओळख काढून चांगली फेरी मिळवण्याचा मार्गच येथे नाही. मात्र पसंती लिहिण्याची भाषा किचकट आहे. ओळींचा क्रम चुकला तर मागितलेले सोडून भलतेच मिळते, आणि हे शिकायला मला तीन महिने आणि एक हुकलेला वाढदिवस इतकी किंमत मोजावी लागली.

मग ७८७ वर गेलोच कशाला? ताशी दर जास्त आहे आणि एका लांब फेरीत भरपूर तास जमा होत असल्यामुळे महिन्यातले कामाचे दिवस कमी भरतात. येथील नियमांनुसार दोन वैमानिकांना ८ किंवा ९ तासच उडवता येते, तीन असतील तर १३ आणि चार असतील तर १७. त्यामुळे लांबच्या उड्डाणात आळीपाळीने झोपायला बंक मिळतो, आणि दिवसाला चार चार वेळा उतरण्याची दगदग संपते. हा हिशेब खरा आहे. फक्त तो ‘लाइन’, म्हणजे महिन्याचे ठरलेले वेळापत्रक, मिळणाऱ्या वैमानिकाचा आहे, हे मी पुरेसे ध्यानात घेतले नाही. शॉर्ट कॉल रिझर्व्हवरचा, म्हणजे बोलावल्यावर थोड्याच वेळात हजर व्हावे लागणारा, वैमानिक १४ तासांपर्यंतच्या ठरलेल्या अवधीत फोनची वाट पाहत बसतो. मी बेसपासून ४० मिनिटांवर राहतो म्हणून निभावते. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या सहकाऱ्यांना विमानतळाजवळ भाड्याची खाट घ्यावी लागते, आणि वाढीव पगाराचा बराचसा भाग त्या खाटेतच जातो.

दुसरी अडचण सरावाची. नव्या प्रकाराची परीक्षा झाल्यावर १२० दिवसांत १०० तास प्रत्यक्ष उड्डाण पूर्ण करावे लागते, आणि त्यानंतरही दर ९० दिवसांत तीन टेकऑफ व तीन लँडिंग हवीत. चार वैमानिकांच्या विमानात लँडिंग एकाच्याच वाट्याला येते आणि रिझर्व्हवाल्याला मुळात फेऱ्याच कमी, म्हणून मी दोनदा केवळ लँडिंग मोजून घेण्यासाठी सिम्युलेटरमध्ये गेलो आहे. ७३७ वर असताना हा आकडा मी कधी मोजलाही नव्हता.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. विमानप्रकार बदलण्यासाठी अर्ज भरताना कंपनीची यंत्रणा नव्या कॅटेगरीतील माझा संभाव्य क्रम दाखवते, पण त्या क्रमावरच्या माणसाला गेल्या वर्षभरात काय मिळाले, हे दाखवत नाही. ती माहिती कंपनीकडे असते; जुन्या वाटपांच्या याद्या उघडून ती हाताने गोळा करावी लागते. मी तीन महिन्यांच्या याद्या पाहिल्या आणि तिन्ही उन्हाळ्याच्या निघाल्या, जेव्हा फेऱ्या भरपूर असतात. बारा महिने पाहिले असते, तर लाइन मिळालेला सर्वांत कनिष्ठ माणूस हिवाळ्यात कुठवर वर जातो ते कळले असते. वरच्या लोकांपैकी ६५ वर्षांचे कधी किती जण होणार, हेही तपासायला हवे होते. २००७ च्या अखेरीस निवृत्तीचे वय ६० वरून ६५ झाले तेव्हा यादीतल्या सगळ्यांचे पुढे सरकणे कसे थबकले होते, याच्या गोष्टी जुने कॅप्टन अजून सांगतात. शिवाय दोन वर्षांचा सीट लॉक, म्हणजे तोवर दुसऱ्या जागेसाठी अर्ज करण्यास बंदी, आहे, त्यामुळे चूक उमगली तरी लगेच परतता येत नाही.

ज्यांना हा सगळा प्रकार क्षुल्लक वाटतो, त्यांनी एअर इंडियाचा २०१२ चा संप आठवावा. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सचे २००७ मध्ये विलीनीकरण झाले होते. पुढे येऊ घातलेल्या ७८७ चे प्रशिक्षण दोन्ही जुन्या कंपन्यांच्या वैमानिकांना देण्यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांच्या इंडियन पायलट्स गिल्ड या संघटनेचे वैमानिक कामावर आले नाहीत आणि ते प्रकरण ५८ दिवस चालले. विमान बदलले की बढतीची रांगही बदलते. अमेरिकेत साउथवेस्टकडे केवळ ७३७ असल्याने तिथे ही रांग एकच आहे, आणि यूपीएसमध्ये सर्व प्रकारांना सारखाच दर असल्याने मोठ्या विमानाचा मोह निदान पैशासाठी तरी होत नाही.

तळाशी बसलेल्या मराठी माणसाला मात्र एक फायदा आहे, जो कुठल्याही नियमावलीत नाही. नाताळ आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्ट्या वरचे लोक पहिल्या झटक्यात उचलतात. गणेशचतुर्थी कोणी मागतच नाही. गेल्या सप्टेंबरात मला पाच दिवसांचा गणपती सलग मिळाला, तोही ९० टक्क्यांवर बसून.

पाचपैकी गुण द्यायचे तर पीबीएसला चार आणि कंपनीच्या बदली-अर्जाच्या पानाला दोन. यादीत मध्याच्या खाली येणार असाल आणि घरी लहान मुले असतील, तर मी आज हा अर्ज भरण्याचा सल्ला देणार नाही. बेसजवळ राहत असाल आणि वर्षभर फोन उशाशी ठेवून झोपण्याची तयारी असेल, तर जरूर भरा. माझा लॉक सहा महिन्यांत सुटेल. तेव्हा ७३७ च्या कॅप्टनपदासाठी बिड टाकता येईल. त्या कॅटेगरीच्या बारा महिन्यांच्या याद्या मी आतापासूनच उतरवून घेतो आहे, आणि आजच्या हिशेबाने तिथे माझा क्रम ९६ टक्के येतो.