इगतपुरीचा दहा दिवसांचा विपश्यना कोर्स: जायचं का आणि कशासाठी

विपश्यनेला जाऊ का, असं ओळखीतलं कोणी ना कोणी मला सारखं विचारत असतं आणि प्रत्येकाचं कारण वेगळं, कोणाला झोप नाही, कोणाला ऑफिसचं टेन्शन, कोणाचं लग्न मोडायला आलंय. म्हणून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेचा, म्हणजे स्वतःच्या श्वासाकडे आणि शरीरातल्या संवेदनांकडे नुसतं बघण्याच्या ध्यानाचा, जो दहा दिवसांचा कोर्स असतो त्याबद्दल एकदा नीट लिहून टाकते.

आधी पैशांचं. फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेच पैसे घेत नाहीत. शेवटी ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढं दान द्यावं, आणि ज्याने अजून एकही कोर्स पूर्ण केला नाहीये त्याच्याकडून ते दान घेतच नाहीत, म्हणजे आपला दहा दिवसांचा खर्च आपल्या आधी तिथे बसून गेलेल्या कोणीतरी केलेला असतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. यापूर्वी मी भरपूर पैसे भरून एका रिट्रीटला गेले होते, तिथे रोज संध्याकाळी पुढच्या लेव्हलचं पॅकेज गळ्यात मारायचे. इथे कोणी काहीही विकत नाही.

पण सोपं अजिबात नाही बरं का. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान सुरू आणि रात्री साडेनऊला दिवे बंद, मधे सगळं मिळून दहा तासांच्या आसपास बसणं. फोन, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा. पुरुष आणि बायकांची व्यवस्था वेगळी. बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत, अगदी अडचण असेल तर आचार्यांशी किंवा सेवकांशी तेवढंच बोलायचं. जेवण साधं शाकाहारी पण छान असतं. संध्याकाळी पाचला चहा, कुरमुरे नि एखादं फळ, त्यानंतर काही नाही. जुन्या साधकांना, म्हणजे आधी कोर्स केलेल्यांना, तर तेही नाही, नुसतं लिंबूपाणी.

पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास बघायचा, तोही नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या वरची एवढीशी जागा. श्वास लांब करायचा नाही, मोजायचा नाही, कुठला मंत्र नाही, देवाचं नाव नाही. ऐकायला काहीच नाही वाटत पण करायला बसलं की कळतं मन चार श्वाससुद्धा तिथे टिकत नाही, लगेच जुनी भांडणं, घरचं लाइट बिल, शाळेतली कोणीतरी मैत्रीण, काय वाट्टेल ते. चौथ्या दिवशी खरी विपश्यना देतात, डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावरून लक्ष फिरवत जी संवेदना असेल ती नुसती बघायची, छान असली तरी धरून ठेवायची नाही, नकोशी असली तरी ढकलायची नाही. मग अधिष्ठान सुरू होतं, तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता बसायचं. माझा डावा गुडघा असा पेटला होता की आता काहीतरी तुटणार असंच वाटत होतं, आणि तसंच बघत राहिल्यावर कळायला लागलं की हे दुखणं एकसंध नाहीये, त्यात उष्णता आहे, ठणका आहे, मधेच मोकळी जागाही आहे आणि ते सतत बदलतंय. अनिच्च अनिच्च, म्हणजे सगळं अनित्य आहे, बदलणारं आहे, असं टेपवर सारखं ऐकू येतं ते तेव्हा पहिल्यांदा अंगात उतरलं. तासाच्या शेवटी ही साधना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचा आवाज सुरू झाला की संपत आलं हे कळतं, त्या वेळचा सुटकेचा श्वास हॉलमधे सगळीकडून ऐकू येतो.

हो, टेपवर. गुरुजी 2013 मधे गेले, सूचना आणि संध्याकाळचं प्रवचन अजूनही त्यांच्याच रेकॉर्डिंगवर चालतं, समोर सहायक आचार्य बसतात. सत्यनारायण गोएंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या मारवाडी व्यापारी घरातले, मायग्रेनने हैराण होऊन तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि त्यांनी आधी नाही म्हणून सांगितलं, नुसती डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, मन शुद्ध करायला या. तेच गोएंका 1969 मधे भारतात आले, मग 1976 मधे धम्मगिरी सुरू झालं. मला कोणी कारण सांगत विचारायला आलं की मी हाच किस्सा सांगते, कारण झोप यावी म्हणून जाणारा माणूस रोज रात्री झोप आली का तेच तपासत बसतो आणि समतेने बघायचं राहूनच जातं.

माझ्यात काय बदललं? राग गेला नाही. पण ऑफिसच्या कॉलवर कोणी तिरकस बोललं की आधी कान तापतात, छातीत काहीतरी दाटतं, हे आता तोंड उघडायच्या आधी कळतं, आणि त्या दोन-तीन श्वासांत पुष्कळ वेळा बोलणंच बदलून जातं. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धाने सांगितलेलं इतक्या साध्या जागी उपयोगी पडतं. मात्र ते टिकवायला रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात आणि नोकरी, मुलं, स्वयंपाक सांभाळून ते खरंच अवघड आहे. माझा सकाळचा तास होतो, संध्याकाळचा पुष्कळदा राहतो. बसणं सुटलं की कान तापलेले परत उशिरा कळायला लागतात, हे मी स्वतः बघितलंय.

गंभीर मानसिक आजार असेल, औषधं चालू असतील तर फॉर्ममधे काहीही लपवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नका, हा उपचार नाही. दुखात अगदी बुडालेल्या माणसाला घरच्यांनी ढकलून पाठवू नये असंही माझं स्पष्ट मत आहे, जाणाऱ्याला स्वतःला जायचं असलं पाहिजे.

रजा टाकताना बारा दिवस धरा, आदल्या दिवशी दुपारी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका. पावसाळ्यात इगतपुरीत कपडे वाळत नाहीत, जास्तीचे जोड आणि छत्री न्या, हिवाळ्यात जाड शाल. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्ची मिळते, फॉर्ममधे तसं लिहा. इगतपुरीला जागा नाही मिळाली तर अडून बसू नका, पुण्याजवळ मरकळला धम्मानंद आहे, कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगल्याकडे धम्मालय आहे, नागपूरला धम्मनाग आहे, शिकवणं सगळीकडे तेच, टेपसुद्धा त्याच.