टिपरच्या इंजिनाला हाय-फ्लो एअर फिल्टर (हवा जास्त जाऊ देणारा) लावून दहा महिने झाले, अनुभव लिहितोय (आणि खालचं ते रबर कुणी काढू देऊ नका)

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) उघडला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. मेस्त्रीने फिल्टरकडून येणारा मोठा होज सोडवला, आत बोट फिरवलं आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. तांबडं, चिकट, कुंकवात तेल कालवावं तसं. हे फिल्टरच्या पुढच्या पाइपात, म्हणजे जिथे फक्त साफ हवा असायला पाहिजे तिथे. टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा बोथट झालेल्या, शाफ्ट हाताने हलवला तर हलतोय. त्या दिवशी बिल झालं 34 हजार.

गाडी सहा चाकी टिपर, प्रदूषणाच्या बीएस फोर नियमाची. काम बहुतेक चिऱ्यांचं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या चिरेखाणींवरून माल उचलायचा आणि वाळपई, डिचोली, कधी चोर्ला घाट चढून बेळगाव बाजूला टाकायचा. ज्यांनी चिरेखाण बघितलीय त्यांना धूळ कसली ते सांगायला नको, मशीन चिरा कापत असतं तेव्हा माणूस दिसत नाही. कंपनीचा कागदी फिल्टर माझा चार-पाच महिन्यांत भरायचा, जोडीला आतला छोटा सेफ्टी फिल्टर, आणि दर वेळी पैसे द्यायचे जिवावर यायचं. म्हणून दिवाळीनंतर साडेनऊ हजार देऊन धुवून परत वापरता येणारा, तेल लावायचा कापडी हाय-फ्लो फिल्टर घेतला. दोन वर्षांत पैसे वसूल, असा हिशोब.

पहिले दोन महिने खरंच खूश होतो. टर्बोची शिट्टी मोठी झाली, गाडी हलकी वाटायला लागली, डिसेंबरात मला कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून घे म्हणालो असतो. डिझेलची वही मात्र मी रोज लिहितो, त्यात आधी लिटरला 3.9 किलोमीटर आणि नंतर 4.0. तेव्हाच समजायला हवं होतं, पण आवाज कानात बसला होता.

फेब्रुवारीत पहिल्यांदा धुतला. पाणी धरायचं आतून बाहेर, सावलीत वाळवायचा, मग तेल मोजून मारायचं, यात एक अख्खा दिवस गाडी उभी. तेल कमी पडलं तर धूळ आत, जास्त झालं तर हवेबरोबर पुढे. ज्या गाड्यांना एअर मास सेन्सर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा) आहे, हल्लीच्या पिकअपना असतो, त्यांचा सेन्सर या तेलाने माखू शकतो हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. फिल्टरच्या डब्याच्या तळाला एक काळं रबर असतं, बदकाच्या चोचीसारख्या दोन ओठांचं. बहुतेक ड्रायव्हर त्याच्याकडे बघतही नाहीत. हवा डब्यात तिरकी शिरते, गोल फिरते, जड धूळ भिंतीला आपटून खाली बसते ती या चोचीत जमते. इंजिन जोरात ओढत असतं तेव्हा ओठ बंद, जागेवर मंद आयडलला आलं की उघडझाप होते आणि धूळ खाली पडते. रोज सकाळी दोन बोटांनी चिमटा काढला की तळहातावर तांबड्या पिठाची धार पडते, एका दिवसाची मूठभर धूळ, म्हणजे तेवढी धूळ कागदापर्यंत गेलीच नाही! कसला खर्च नाही, कसली वायर नाही, मला तर अख्ख्या गाडीत एवढी साधी आणि इतकी कामाची दुसरी वस्तू माहीत नाही.

फिल्टर बसवणाऱ्याने ते रबर उपटून टाकलं होतं. वर सेफ्टी फिल्टरही काढला. म्हणाला, "दादा, दोन-दोन फिल्टर कशाला, हवा अडते, आणि खालून मोकळी हवा येऊ दे की." मी मान हलवली ही माझी चूक. त्या भोकातून चार महिने गाडीने चाकांनी उडवलेली धूळ आणि इंजिनाची गरम हवा ओढली. कॅबिनच्या मागे हवा घेणारा पाइप वरपर्यंत नेलेला असतो तो उगाच नाही, वर धूळ कमी आणि हवा थंड. हवा 20 डिग्रीने तापली की साधारण सहा टक्के पातळ होते. म्हणजे जास्त हवा मिळावी म्हणून जे भोक ठेवलं त्यानेच हवा कमी झाली, आणि धुळीचा सगळा भार त्या कापडावर आला. कापडाची वीण कागदापेक्षा मोकळी असते, हवा सहज जाते तशी बारीक धूळही जाते, आणि पिस्टन रिंगा खाते ती हीच बारीक धूळ, डोळ्याला न दिसणारी.

दुकानात गेलो तर उत्तर काय, "तुम्ही धुळीत चालवता म्हणून." टिपर धुळीत नाही चालवायचा तर कुठे पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर फिरवायचा? चार फेऱ्या मारल्या, दोनदा भांडलो, एक पैसा परत मिळाला नाही. फिल्टरच्या खोक्यावर फक्त हवा किती जास्त जाते तेवढंच छापलेलं. आयएसओ 5011 चाचणीत धूळ किती टक्के अडते आणि फिल्टर भरेपर्यंत किती ग्रॅम धूळ घेतो, हे दोन आकडे विचारा, ते दिले नाहीत तर दुकानातून बाहेर या.

मग मी स्वतः मोजलं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली, यू करून कॅबिनमध्ये पट्टीवर बांधली, पाणी भरलं, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपाला जोडलं. भरलेली गाडी चोर्ल्याच्या चढाला, पुतण्या बाजूला बसून वाचतोय. नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात जेवढा फरक, तेवढी फिल्टर हवा अडवतो. पाणी नाचतं, पण सरासरी कळते. नवा कागदी फिल्टर 250 मिलिमीटर, कापडी 180. फरक 70. आता हवेचा दाब म्हणजे पाण्याचा सव्वादहा मीटरचा खांब, त्यात 70 मिलिमीटर म्हणजे एक टक्काही नाही! तेवढं टर्बो सहज भरून काढतो, आणि डिझेल किती सोडायचं ते ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो, फिल्टर नाही. या एक टक्क्यासाठी मी टर्बो घालवला.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, सगळं बदललं. दुसऱ्या मोठ्या गाडीचा फिल्टरचा डबा जुन्या बाजारातून घेतला, कागदी फिल्टरच पण जास्त घड्यांचा, जवळजवळ दीडपट कागद. आत सेफ्टी, खाली नवीन रबर. तोच चढ, तेवढाच लोड, 170. कापडापेक्षाही कमी, आणि पुढच्या पाइपात पांढरा फडका फिरवला तर पांढराच निघतो. हवा वाढवायची तर कागद वाढवायचा, वीण सैल करायची नाही, एवढी साधी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. एकच त्रास, डबा मोठा म्हणून ब्रॅकेट वेल्ड करून घ्यावं लागलं आणि होजला दोन जादा क्लिपा आल्या. त्या क्लिपा महिन्याला बघतो, कारण फिल्टरच्या पुढे होज सैल झाला तर कितीही भारी फिल्टर असो, उपयोग शून्य.

खनिज वाहतुकीच्या दिवसांत, 2012 ला खाणी बंद पडल्या त्याच्या आधी, आम्ही रोज संध्याकाळी फिल्टर काढून कॉम्प्रेसरने फुल प्रेशर मारायचो. ते आता बंद. कागदावर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो, आणि प्रेशरने कागदाला सुईएवढी भोकं पडतात ती दिसत नाहीत. डब्यावरच्या, फिल्टर भरला की सांगणाऱ्या इंडिकेटरची लाल पट्टी वर येईपर्यंत मी झाकण उघडतच नाही. माझी पट्टी पाण्याच्या 635 मिलिमीटरला येते. मेपासून अजून आली नाही, अर्थात मधे पावसाळा होता, खरी परीक्षा डिसेंबरपासून.

पावसात एक कळलं. चवथीच्या आदल्या आठवड्यात चिमटा काढला तर धुळीऐवजी चिखलाचा गोळा, ओठ चिकटून बसलेले. पावसाळ्यात रोज पुसायचं आणि ओठ उलटे आत वळले नाहीत ना ते बघायचं. उन्हाने रबर कडक होऊन चिरतंही, म्हणून परवा म्हापशाला गेलो तेव्हा दोन जादा घेतली, एकशे ऐंशीला एक. एक डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, दुसरं पुतण्याच्या पिकअपला बसतंय का ते रविवारी बघणार आहे.