एम-परिवहन अ‍ॅप : ‘फिटनेस २०३४ पर्यंत’ या ओळीवर गाडी घेऊ नका

जुनी गाडी बघायला निघण्याआधी नंबर एम-परिवहनमध्ये टाकून बघायचा, हे आता बहुतेकांना माहीत आहे. अ‍ॅप फुकट आहे, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं आहे आणि माहिती थेट ‘वाहन’ या नोंदणी डेटाबेसमधून येते. कागदपत्रांपुरतं ते खरोखर कामाचं आहे. अडचण एकाच ओळीची आहे आणि विकणारा नेमकी तीच ओळ पुढे करतो : ‘फिटनेस २०३४ पर्यंत, बघा ना साहेब.’

खासगी गाडीची ही तारीख म्हणजे नोंदणीची १५ वर्षांची मुदत. शोरूममधून निघताना पासिंग झालं तेव्हाच ती पडलेली असते, त्यानंतर आरटीओच्या कोणी बॉनेट उघडून पाहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ ही सक्तीची तपासणी होते. तिथे नुसता नंबर टाकला की प्रत्येक तपासणीच्या वेळचं मीटर रीडिंग आणि नापास झाल्याची कारणं कोणालाही दिसतात. आपल्याकडे खासगी गाडीचा असा इतिहास सरकारदरबारी तयारच होत नाही. टॅक्सी परवान्यावरच्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतं, त्यामुळे तिच्या बाबतीत या तारखेला अर्थ आहे.

मग अ‍ॅपमध्ये बघायचं काय? नोंदणीची तारीख, इंधन, गाडी कितव्या मालकाच्या नावावर आहे, आरसी चालू आहे की नाही, कर्जाचा बोजा. ‘फर्स्ट ओनर’ म्हणून जाहिरात आणि अ‍ॅपमध्ये मालक क्रमांक २ असेल, तर पुढे बोलायचंच कारण नाही. इन्शुरन्सची तारीखही जपून वाचा. सप्टेंबर २०१८पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे विमा चालू दिसला तरी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कधीच संपलेला असू शकतो. दंडासाठी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं ई-चलान पोर्टल वेगळं उघडावं लागतं. तिथे चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते आरसीवरून घ्या.

गाडीचा खरा इतिहास दोन कागदांत असतो. पहिला विम्याचा. पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट, किती टक्के आहे ते बघा. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. एकाच मालकाकडे सहा वर्षं असलेल्या गाडीला ५० टक्के असेल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही. शून्य असेल तर एकतर गेल्या वर्षी क्लेम झाला, नाहीतर विमा ९० दिवसांहून जास्त बंद होता. यातलं काय झालं ते मालकाला विचारा आणि मागच्या वर्षीची पॉलिसी मागा. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुम्हाला मिळणार नाही, इथे तो फक्त पुरावा म्हणून वाचायचा.

दुसरा आणि सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी. मालकाला सोबत नेऊन प्रिंट काढून घ्या. त्यात तारीख, किलोमीटर आणि बदललेले पार्ट ओळीने येतात. समजा २०२१ मध्ये ४८,२००, २०२२ मध्ये ६१,५००, पुढे एकही नोंद नाही आणि आज मीटरवर ६६,०००. वर्षाला तेरा हजार चालणारी गाडी एकदम घरी बसली, याचं पटेल असं कारण मालकाकडे नसेल तर मीटर मागे फिरवलेला आहे असं धरूनच चला. बॉडीशॉपच्या बिलांत बंपर, फेंडर, आरसा असेल तर काळजी नको, शहरात एवढं होतंच. एप्रन, क्रॉस मेंबर, रेडिएटर सपोर्ट असे सांगाड्याचे भाग किंवा एअरबॅग दिसली तर धडक मोठी होती, गाडी सोडून द्या.

कागद जुळले की मगच गाडीला हात लावा. बॉनेटखाली फेंडरच्या बोल्टवरचा रंग पाना लागून उडालाय का ते पाहा. दारांचं रबर ओढून आतले स्पॉट वेल्ड बघा, कंपनीचे गोल खळगे सारख्या अंतरावर असतात. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, रंगाची जाडी मोजणाऱ्या गेजवर ५००च्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे.

पुराची गाडी ओळखणं महत्त्वाचं, कारण २०१९ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ला चिपळूण पाण्याखाली होतं आणि गाड्या जिल्हा बदलून विकल्या जातात. सीट शाम्पूने धुता येतात, पण सीटबेल्टचं रीळ कोणी उघडत नाही. पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या फूटभर भागावर तपकिरी रेघ किंवा हाताला लागणारी बारीक माती असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. मग सीटचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या वायरच्या कनेक्टरवरचा हिरवट गंज.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर झाले तेही तो दाखवतो. तो आकडा २० असेल तर कोड आज सकाळीच पुसलेत. बीएस-६ डिझेल गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतो, म्हणून त्यातल्या काजळीचं रीडिंग मेकॅनिककडून घ्या. होंडाच्या जुन्या सिटी, जॅझ, सिविकमध्ये ताकाता या जपानी कंपनीचे सदोष इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारे भाग) होते, ते कंपनी मोफत बदलते. बदललेत का ते चासी नंबरावरून अधिकृत वर्कशॉपमध्ये कळतं.

अ‍ॅपवर बोजा दिसत असेल आणि मालक ‘कर्ज फिटलंय’ म्हणत असेल, तर बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. बोजा उतरल्याची नोंद अ‍ॅपमध्ये दिसली, की मग गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९, ३० आणि उरलेले पैसे.