फुंकणीवर फिरणारं इंजिन: चांदी की पितळ, अकीक की माणिक?

जळगावच्या सराफ बाजारात एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर आप्पांची भट्टी आहे. मूळचे अमळनेरचे. पस्तीस वर्षं नथी आणि मंगळसूत्राच्या वाट्या घडवण्यात गेली. आता मुलगा गिऱ्हाईक बघतो आणि आप्पांच्या डोक्यात भलतंच शिरलंय: चांदीचं, खड्यांचं, पण खरंखुरं चालणारं इंजिन. तळहातावर मावेल एवढं. मला म्हणाले, "भाऊ, तू भुसावळचा. तुझ्या वडिलांनी शेडमध्ये इंजिनं उघडली. कोणतं करू आणि कशात करू, एवढं सांग."

वडील लोको शेडमध्ये फिटर होते हे खरं, पण मी वाढलो लेथवर. छोटी चालती इंजिनं करायचा नाद मला बारा वर्षांपासून आहे. पितळेची बरीच झाली, चांदी-दगडाची चार. त्या चारांतली दोन चालतात. आप्पांना जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न दुसरेही विचारतात आणि बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी मनात भरलेला खडा विकत घेतात, मग त्याचं करायचं काय ते शोधत बसतात.

सगळ्यात आधी एक ठरवा. चांदी आणि खडे इंजिनाच्या अंगावर घालायचे आहेत की कामाला लावायचे? ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी पेयांच्या सुरया घेऊन फिरायची. ती विजेवर. रशियाच्या झारसाठी फाबेर्जेच्या कारखान्यात 1900 साली ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचं अंडं झालं, त्यात सोन्या-प्लॅटिनमची चिमुकली गाडी आहे, पुढच्या दिव्यांना हिरे आणि मागच्या दिव्यांना माणकं. ती किल्लीवर. दोन्हीकडे दागिना बाहेर आणि ओढणारं पोटात वेगळंच. असं करण्यात कमीपणा काही नाही. घड्याळाचं यंत्र आणा, वर तुमची नक्षी करा, सहा महिन्यांत देखणी वस्तू होईल. पण चांदी-दगडाच्या पोटातच दट्ट्या (पिस्टन) हलला पाहिजे असा हट्ट असेल (आप्पांचा होता), तर हिशेब बदलतो.

इंजिन कोणतं

तीन जाती विचारात घेण्यासारख्या. तिसरी आधी निकालात काढतो: ज्योत ओढून घेणारं इंजिन. दट्ट्या मागे सरकताना ज्योत आत ओढतो, झडप मिटते, आतला गरम वायू थंड होऊन आकसतो आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या परत ढकलतो. बघायला फार मजेदार. पण झडपेच्या तोंडावर सतत ज्योत, आत ओल आणि काजळी. दगड तिथे तडकतो, चांदी काळी पडते. पहिल्या इंजिनाला नको.

उरली दोन: डोलत्या सिलिंडरचं आणि स्टर्लिंग.

डोलत्या सिलिंडरला वेगळी झडप लागत नाही. सिलिंडर एका खिळीवर डुलतो, त्याच्या सपाट पाठीवरचं भोक उभ्या पट्टीवरच्या दोन भोकांसमोर आळीपाळीने येतं. एकातून वाफ किंवा दाबाची हवा आत, दुसऱ्यातून बाहेर. सुटे भाग मोजके. सगळा जीव त्या दोन सपाट पृष्ठांत असतो. ती एकमेकांवर नीट बसली तर इंजिन तोंडाने फुंकूनही फिरतं. सोनाराने जन्मभर फुंकणी फुंकलेली, त्यामुळे चाचणीचं साधन घरचंच आहे.

स्टर्लिंगला बॉयलरच नाही. स्कॉटलंडमधले पाद्री रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 साली पेटंट घेतलेली ही कल्पना. आत कोंडलेली हवा एका टोकाला तापते, दुसऱ्या टोकाला निवते, आणि त्या फुगण्या-आकसण्यावर दट्ट्या चालतो. आवाज जवळपास नाही. घरात, मुलांसमोर, दिव्याच्या ज्योतीवर चालवता येतं. पण घर्षण आणि गळती जराही खपत नाही. डोलत्या इंजिनात सांधा थोडा गळला तर जोरात फुंकून वेळ मारून नेता येते. स्टर्लिंग तेवढ्यावर हलतच नाही.

स्टर्लिंगच्या एका पोटजातीबद्दल खानदेशातल्या माणसाला सांगितलंच पाहिजे. नुसत्या तळहाताच्या उबेवर चालणारी चपटी मॉडेलं असतात. पुण्यात जानेवारीत ती छान फिरतात. भुसावळला मे महिन्यात खोलीतली हवा 43-44 अंश, तळहात त्याहून थंड. तेव्हा चाक उलट्या दिशेने फिरतं! पाहुणे आले की मी हा खेळ मुद्दाम दुपारी दाखवतो. मार्च-एप्रिलमध्ये मात्र मधला काळ येतो, हात आणि हवा सारखीच, आणि इंजिन ढिम्म. मग वर बर्फाचा खडा ठेवायचा.

आप्पांसाठी माझं मत डोलत्या सिलिंडरकडे झुकलं. कारण पुढे दगडाच्या भागात येईल.

दगड कोणता

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात, म्हणून जरा थांबतो.

आधी आपल्या घरचा मोह. जळगाव जिल्ह्यात, सावद्याच्या बाजूच्या काळ्या पाषाणाच्या खाणींत पोकळ्या सापडतात आणि त्यांत ॲपोफिलाइट, स्टिलबाइट यांचे सुंदर स्फटिक. जगभरचे संग्राहक ते घेतात. साहजिकच वाटतं, आपल्याच मातीतला दगड वापरू. वापरू नका. स्टिलबाइटचा कठीणपणा मोहस मापावर (दहापैकी) चारच्या आत, ॲपोफिलाइटचा पाचच्या आत, आणि दोन्ही ठरावीक थरात पट्कन फाटतात. शिवाय त्यांच्या घडणीतच पाणी असतं, तापवलं की ते सुटतं. स्टिलबाइट झिओलाइट कुळातला. या कुळाला 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी नाव दिलं ते ग्रीकमधलं, अर्थ 'उकळणारा दगड'. उकळणाऱ्या दगडाचं वाफेचं सिलिंडर करायचं म्हणजे नावातच इशारा आहे. पायथ्याला, शोभेसाठी लावा. फार छान दिसतो.

अकीक आणि स्फटिक (क्वार्ट्झ), रसायनाने दोन्ही सिलिकाच, कठीणपणा सातच्या आसपास. फरक आतल्या विणीचा. पारदर्शक स्फटिक म्हणजे एकच मोठा कण. कडेचा टवका उडाला की तडा आरपार जातो. अकीक म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची वीण, म्हणून चिवट. प्रयोगशाळेतल्या जुन्या तराजूंची दांडी अकीकाच्याच धारेवर तोललेली असायची, आणि खलबत्तेही अकीकाचे होतात. घासणीच्या जागेला अकीकाइतका स्वस्त आणि प्रामाणिक दगड मी पाहिला नाही. तो मिळवायला फार लांब जावं लागत नाही. ताप्ती लाईनने सुरत गाठा, पुढे खंभात. अकीक कापण्याचं, त्याला भोकं पाडण्याचं काम तिथे फार जुनं आहे. भडक निळा-गुलाबी अकीक मात्र रंगवलेला असतो. अकीक रंग पितो, याचाच अर्थ त्याला बारीक छिद्रं आहेत आणि तेलही तो पिणार. फिका, दाट, एकसारखा तुकडा निवडा.

स्फटिकाचा मोह सुटत नसेल तर त्याचं कारण एकच: आतला दट्ट्या दिसतो. ते दृश्य खरोखर वेड लावतं. पण निसर्गाच्या स्फटिकात लांब, सरळ भोक पाडताना दहातले किती वाचतील याचा भरवसा नाही, आणि ज्योतीजवळ तर नकोच. क्वार्ट्झची आतली रचना 573 अंशांना बदलते, पण असमान तापला तर त्याच्या कितीतरी आधीच फुटतो. याच सिलिकाला वितळवून केलेली क्वार्ट्झ काचेची नळी तापून लाल झाली असताना पाण्यात बुडवली तरी टिकते, कारण ती जवळपास फुगतच नाही. स्टर्लिंग करायचं तर ही नळी घ्या. "ते रत्न नाही," आप्पा म्हणाले. खरं आहे, नाही. म्हणूनच स्टर्लिंग त्यांच्या यादीतून उतरलं.

माणिक आणि नीलम कठीणपणात नऊ. पण सिलिंडरला नव्हे, चाकाच्या दांड्याच्या टोकांना. घड्याळात छिद्र पाडलेलं माणिक बेअरिंग म्हणून वापरण्याचं पेटंट 1704 साली लंडनमध्ये फाशिओ द द्युइल्ये आणि डेबोफ्र बंधूंनी घेतलं. फ्रान्सच्या व्हर्न्यूई यांनी 1902 मध्ये ज्योतीत माणिक घडवण्याची रीत जाहीर केली, आणि हळूहळू घड्याळातलं माणिक स्वस्त झालं. ते बनवलेलं असलं तरी काच नव्हे, रसायनाने अस्सल माणिकच. तयार छिद्राची अशी माणकं घड्याळजीकडे मिळतात. घरी पाडत बसू नका.

धातू कोणता

सोनाराला वाटतं धातू म्हणजे आपलं राज्य, आणि तिथेच तो फसतो. मीही फसलो. माझ्या दुसऱ्या इंजिनात अकीकाचा सिलिंडर आणि चांदीचा दट्ट्या होता, 10 मिलिमीटर व्यासाचा. हवेवर वीस मिनिटं मस्त चालला. वाफ दिली तर मिनिटभरात गच्च. चांदी तापमान 80 अंशांनी वाढलं की एवढ्या व्यासात जवळपास 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फुगते, अकीक त्याहून कमी, आणि मी मोकळीक ठेवली होती जेमतेम पाच. दगड ताण सोसत नाही, उभा चिरला. ते तुकडे आप्पांच्या हातात दिले तर घरच्या बोलीत म्हणाले, "काय व्हयनं भाऊ?" काय झालं ते सांगायला अर्धा तास लागला. आता मी दगडात ग्रॅफाइटचा दट्ट्या घालतो. तो फारसा फुगत नाही आणि तेलाशिवाय सरकतो.

चांदीची जागा दुसरीकडे आहे. उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत ती पहिली. पितळेच्या साधारण चौपट. म्हणून स्टर्लिंगच्या थंड टोकाच्या, उष्णता बाहेर सोडणाऱ्या पात्यांना चांदी उत्तम. पण गरम आणि थंड टोकांमधल्या भिंतीला ती सगळ्यात वाईट. उष्णता हवेला न देता भिंतीतूनच पलीकडे पळते. क्वार्ट्झ काच आणि चांदी यांच्यात सुमारे 300 पटींचा फरक आहे. "सगळं चांदीचं" स्टर्लिंग मी एकदा पाहिलं होतं. अप्रतिम झिलई. दोन दिवे लावूनही फिरलं नाही.

चांदीवर चांदी घासू देऊ नका, चिकटून ओरखडते. दांडा तर चांदीचा नकोच, वाकतो. तिथे पोलादच. बाजारात 'सिल्व्हर स्टील' नावाची कांडी मिळते, त्यात चांदी औषधालाही नसते. सराफाने नाव ऐकून भाव वाढवून देऊ नये. आणि चांदीजवळ रबरी रिंग ठेवू नका. त्यातल्या गंधकाने महिन्यात काळे वळ उठतात. सिलिकॉनची रिंग चालते.

सोनं? बहुतेक ठिकाणी मुलामा पुरे. एकच जागा अशी आहे जिथे सोनं कामाचं ठरतं: चाकाची कड. सोन्याची घनता 19.3, पितळेची साडेआठच्या आसपास. बाहेरून 30, आतून 26 मिलिमीटर आणि 3 मिलिमीटर रुंद अशी कड शुद्ध सोन्यात सुमारे 10 ग्रॅम भरते, म्हणजे बाजारच्या हिशेबाने एक तोळा. पितळेत साडेचार. तेवढ्याच आकारात दुपटीहून जास्त भार, त्यामुळे चाक संथ आणि सलग फिरतं. लग्नसराईत मोडून परतही घेता येतं, हा फायदा पितळेला नाही.

बॉयलर कशाचा, हा प्रश्न मी टाळतो. दगडाचा कधीच नाही. धातूचा करायचा तर झाळ उच्च तापमानाची हवी. कथिलाची झाळ 183 अंशांच्या आसपासच पातळ व्हायला लागते, पाणी आटलं की सांधा सुटतो. सेफ्टी व्हॉल्व्हशिवाय तर नाहीच. आप्पांना मी सरळ सांगितलं, सायकलचा पंप आणि एक टाकी, हवेवरच चालवा.

हात कोणाचा

सोनाराकडे झाळकाम, कानस, बारीक नजर हे सगळं आहे. लेथवाल्याकडे माप आहे. भांडण होतं ते चकाकीवरून. सोनार प्रत्येक तुकडा बफवर (झिलईच्या फिरत्या चाकावर) धरतो, आणि बफ कडा गोल करतो. डोलत्या सिलिंडरच्या पाठीवर हे मरण आहे. ते पृष्ठ चमकदार नको, सपाट हवं. जाड काचेवर पाणी आणि कार्बोरंडमची पूड घ्यायची, आठच्या आकड्यात घासायचं, मग हिऱ्याची पेस्ट. तासन् तास. निळी शाई लावून दोन पृष्ठं एकमेकांवर टेकवायची, जिथे शाई पुसली नाही तिथे खड्डा.

पहिलं इंजिन पूर्ण पितळेत करा, त्याच मापांनी. सगळ्या चुका पितळेत होऊ द्या. आप्पांना हे मुळीच आवडलं नाही. "पितळ घडवायला मी काय भांडी करतो का?" तरी केलं. ते चौथ्या प्रयत्नात चाललं.

आता त्यांच्या पाटावर दुसरं आहे: उभी पट्टी फिक्या अकीकाची, सिलिंडर चांदीचा, दट्ट्या ग्रॅफाइटचा, दांडा पोलादाचा आणि दोन टोकांना घड्याळाची माणकं. सोन्याची कड अजून वितळवलेली नाही, सध्या जुनं पितळी चाकच लावलंय. परवा गेलो तेव्हा आप्पांनी फुंकणी भोकाला लावली आणि फुंकलं. चाक पाऊण फेरा फिरलं आणि थांबलं. वरच्या कोपऱ्यातून हवा फसफसत होती. त्यांनी काही न बोलता पट्टी सोडवली आणि काचेवर पाणी शिंपडलं.