एकच सॅक घ्यायची तर कुठली? ३५, ५० की ६५ लिटर

वर्षभर शनिवार-रविवार सह्याद्रीत आणि वर्षा-दोन वर्षांतनं एखादी हिमालयाची वारी, असं ज्यांचं चालतं त्यांना दोन्हीकडे एकच सॅक चालते का? चालते. फक्त लिटरचा आकडा बघून घेतलेली चालेलच असं नाही, आणि दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न तोच विचारतो, कितीची आहे. तो प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न वजन खांद्यावर येणार की कमरेवर हा.

आधी थोडं गणित करू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. सह्याद्री म्हणजे हलकी सॅक आणि हिमालय म्हणजे जड सॅक असं आपण धरून चालतो. एका दिवसाचा ट्रेक असेल तर ते खरं आहे, कळसूबाईला पाणी, डबा, विंडचीटर एवढंच न्यायचं असेल तर कॉलेजची बॅगपण पुरते. पण राजगड-तोरणा मुक्काम करून करायचा ठरवलात की स्लीपिंग बॅग दीड किलो, मॅट अर्धा किलो, तीन लिटर पाणी म्हणजे सरळ तीन किलो, शिध्यातला आपला वाटा दीड-दोन किलो (आणि टोप कुणाच्या सॅकमध्ये जाणार यावर जे भांडण होतं ते वेगळंच), कपडे, टॉर्च, औषधं आणि सॅकचं स्वतःचं वजन, असं करत करत दहा-अकरा किलो सहज होतात. एप्रिल असेल तर पाणी अजून वाढवा. उलट हिमालयात एखाद्या संस्थेबरोबर हम्प्ता पासला गेलात तर तंबू, स्लीपिंग बॅग, किचन सगळं खेचरांवर असतं, तुमच्याकडे डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट, फ्लीस, थर्मल, मोजे, पोंचो, दोन लिटर पाणी आणि खाऊ. ते आठ-नऊ किलोत बसतं पण जागा भरपूर खातं. म्हणजे सह्याद्रीत सॅक वजनाने भरते आणि हिमालयात फुगवट्याने भरते. त्यामुळे 'आपल्याला गडावरच तर जायचंय, साधी बॅग बास' हे मुक्कामाच्या ट्रेकला लागू होत नाही, कमरेचा पट्टा तिथे उलट जास्त लागतो.

आता एकेक साईज.

३० ते ३५ लिटर. एका दिवसाच्या ट्रेकला, पावसाळ्यात, हरिहरच्या पायऱ्यांवर, सांधण दरीत याच्यासारखी सॅक नाही. अंगाला चिकटून राहते, एसटीत मांडीवर घेता येते, कसारा लोकलमध्ये कुणाच्या तोंडावर आपटत नाही. अडचण मुक्कामाला येते. साधी सिंथेटिक स्लीपिंग बॅग आत गेली की निम्मी सॅक संपली, मग मॅट बाहेर, टोप बाहेर, चपला बाहेर, आणि कारवीतनं किंवा करवंदाच्या जाळीतनं वाट असेल तर बाहेर लटकवलेली प्रत्येक गोष्ट फांदीला अडकणार. शिवाय या साईजच्या बऱ्याच सॅकना कमरेला नुसती नवारीसारखी पट्टी असते, पॅड नाही, आत फ्रेम नाही. त्या पट्टीने सॅक हलायची थांबते एवढंच, वजन उचलत नाही. ऑस्प्रेची टॅलन ३३ किंवा ३६ याला अपवाद आहे, तिला बऱ्यापैकी बेल्ट आहे, पण तिच्यात हिवाळी मुक्काम बसवायचा तर छोटी घडी होणारी डाऊनची स्लीपिंग बॅग लागते आणि तिची किंमत बघितली की वाटतं यापेक्षा मोठी सॅक परवडली असती.

६५-७० लिटर. पहिल्यांदा हिमालयात जाणारे बहुतेक हीच घेतात, कारण यादी मोठी असते आणि घरचे अजून दोन स्वेटर भरतात. सॅक रिकामी दिसली की आपण ती भरतोच, हा मनुष्यस्वभाव आहे. स्वतःचा तंबू, स्वतःचा स्टोव्ह, आठ दिवसांचा शिधा असं स्वतःच्या जिवावर जाणार असाल, किंवा ग्रुपचा रोप आणि क्लाइंबिंगचं सामान तुमच्याकडे असतं, तर ६५ला पर्याय नाही. बाकीच्यांना ती सह्याद्रीत नुसती त्रास देते. उंच असते त्यामुळे कातळटप्प्यावर वर बघायला मान मागे केली की डोकं टॉप लिडला (सॅकच्या वरच्या झाकणाला) लागतं, हेल्मेट असेल तर अजूनच. अर्धी रिकामी नेली तर सामान खाली बसतं आणि वजन पाठीच्या वरच्या भागाऐवजी ढुंगणावर लोंबतं. आणि ही सॅक स्वतःच दोन किलोच्या आसपास किंवा जास्त असते, ते वजन एका दिवसाच्या ट्रेकला पण उचलायचंच.

४५ ते ५० लिटर. माझं मत इथे आहे, आणि बऱ्यापैकी ठाम आहे. मोठी सॅक आवळून लहान करता येते, लहान सॅक ओढून मोठी होत नाही, पण ६५ आवळून ३५ होत नाही आणि ५० मात्र होते, जर दोन्ही बाजूंना वर-खाली कम्प्रेशन स्ट्रॅप (सॅक आवळायचे पट्टे) असतील आणि टॉप लिड काढता किंवा खाली घेता येत असेल तर. या दोन गोष्टी नसलेली ५० लिटरची सॅक घेऊ नका, तिचा दोन्हीकडे उपयोग होणार नाही. बऱ्याच सॅकवर ५०+१० असं लिहिलेलं असतं, ते +१० म्हणजे वरची कॉलर वर ओढली की मिळणारी जादा जागा. हिमालयात डाऊन जॅकेट तिथे जातं, सह्याद्रीत ती कॉलर गुंडाळून आत. डेकॅथलॉनच्या फोरक्लाझची एमटी ५०० एअर ५०+१०, डॉयटरची फ्युतुरा व्हारिओ ५०+१०, ऑस्प्रेची केस्ट्रल ४८ किंवा अ‍ॅटमॉस एजी ५०, वाईल्डक्राफ्टची ४५च्या आसपासची, या सगळ्या या एकाच गटातल्या. ऑस्प्रे-डॉयटर साधारण डेकॅथलॉनच्या दुपटी-तिपटीत जातात. ते पैसे कापडाला कमी आणि पाठ-बेल्टच्या बसण्याला जास्त असतात, आणि डेकॅथलॉनची तुमच्या पाठीला नीट बसत असेल तर वरचे पैसे बुटात घाला.

एक वेगळा प्राणी म्हणजे ऑस्प्रेची फारपॉइंट ४०. ही खरं तर प्रवासाची बॅग, सूटकेससारखी चेन लावून पूर्ण उघडते, पट्टे मागच्या कप्प्यात लपवता येतात, विमानात केबिनमध्ये नेता येईल या मापाची. आपल्याकडे देशांतर्गत विमानात केबिनला सात किलो आणि साधारण ५५-३५-२५ सेंटिमीटरची मर्यादा असते, त्यामुळे ४० लिटर ही तिथली वरची हद्द समजा. अन्नपूर्णा बेस कॅम्पसारखा टी-हाऊसचा ट्रेक, जिथे ४१३० मीटरपर्यंत रोज छताखाली झोपायचं, किंवा संदकफू, तिथे ती मस्त चालते. पण पावसात मोठी चेन म्हणजे पाणी आत यायला मोठी वाट, आणि कातळावर घासून चेन गेली तर सॅकच गेली. वरनं दोरीने आवळायच्या सॅकमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं. ऑफिसच्या टूरला, फिरायला जास्त आणि ट्रेकला कमी असं असेल तर फारपॉइंट घ्या, नाहीतर नको.

आता पाठ. ब्रँडपेक्षा याच्यावर जास्त वेळ घालवा. दोन प्रकार आहेत, एक ताणलेली जाळी, पाठ आणि सॅकमध्ये हवा खेळायला फट असते, आणि दुसरा फोम, जो सरळ पाठीला चिकटतो. डॉयटरमध्येच दोन्ही बघायला मिळतात, फ्युतुरा म्हणजे जाळी आणि एअरकॉन्टॅक्ट म्हणजे फोम, त्यामुळे शेजारी शेजारी घालून बघायला सोपं. ऑस्प्रेच्या अ‍ॅटमॉसमध्ये तर जाळी पाठीपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत अखंड येते, पहिल्यांदा घातली की दुकानातच प्रेमात पडायला होतं. मार्च-एप्रिलमध्ये तोरण्याच्या चढावर जाळी काय सुख देते ते सांगायला नको, शर्ट थोडा तरी वाळतो.

पण जाळीची किंमत आहे. फ्रेम वाकडी असते म्हणून सॅकच्या आत बाक येतो आणि लांब वस्तू, तंबूचे पोल वगैरे नीट बसत नाहीत. वजन पाठीपासून दोन-तीन बोटं मागे जातं. सरळ वाटेवर ते कळत पण नाही, राजगडावरनं संजीवनी माचीने उतरून तोरण्याच्या डोंगरधारेवर वारा सुटला की मात्र कळतं, आणि अलंग-मदन-कुलंगच्या कातळावर तर चांगलंच कळतं, कारण तिथे सॅक मागे ओढत असते आणि आपण पुढे चिकटायला बघत असतो. तिथे बऱ्याचदा सॅक दोरीने वर ओढून घेतात, तेव्हा जाळी आणि बाहेरचे स्ट्रेचचे खिसे खडकावर घासले जातात ते वेगळं. म्हणून माझी विभागणी अशी की ज्यांचे ट्रेक वाटेने जाणारे आहेत, गडवाट, जंगल, हिमालयातले नेहमीचे पास, त्यांनी जाळी घ्यावी. ज्यांना कातळटप्पे, नाळा आणि घळी आवडतात त्यांनी फोम आणि जाड कापड. याच कारणासाठी ऑस्प्रेच्या एक्सॉससारख्या फार हलक्या सॅक, सव्वा-दीड किलोच्या, मला सह्याद्रीला तितक्या पटत नाहीत, कापड पातळ असतं आणि आपल्याकडे घाणेरी, करवंद, बाभूळ सगळे वाटेत हात लावून जातात.

माप कसं घ्यायचं. मान खाली घातल्यावर मानेच्या बुडाशी जो मणका वर येतो तिथपासून, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवल्यावर पाठीमागे अंगठे जिथे येतात त्या रेषेपर्यंत टेप धरायची. हे तुमच्या पाठीचं माप, आणि याचा उंचीशी थेट संबंध नाही, सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. पाठ वर-खाली करता येणारी सॅक मिळाली तर तीच घ्या, घरात दोघं वापरणार असतील तर नक्कीच. बायकांसाठी वेगळ्या बनावटीच्या सॅक मिळतात, डॉयटरमध्ये एसएल लिहिलेल्या, ऑस्प्रेत अ‍ॅटमॉसची जोडीदार ऑरा, केस्ट्रलची काईट, फारपॉइंटची फेअरव्ह्यू. खांद्याचे पट्टे अरुंद आणि बेल्टचा कोन वेगळा असतो, त्यामुळे ताई, दुकानदार म्हणाला 'युनिसेक्सच आहे' तरी दोन्ही घालून बघा.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. आठ-दहा किलो भरायला सांगा, नसेल तर घरून पाण्याच्या बाटल्या न्या, लाजायचं काही नाही. आधी सगळे पट्टे सैल, मग बेल्ट कमरेच्या हाडावर, पोटावर नाही, मग खांद्याचे पट्टे, मग वरचे लोड लिफ्टर (खांद्याच्या पट्ट्यापासून सॅकच्या वरच्या कडेला जाणारे छोटे पट्टे), शेवटी छातीचा पट्टा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज गेली पाहिजेत. पंधरा-वीस मिनिटं फिरा, जिने चढा, उकिडवे बसा, मान वर करून बघा. कुठे बोचत असेल तर 'वापरून सवय होईल' यावर विश्वास ठेवू नका.

पावसाचं थोडक्यात. रेनकव्हर सॅकबरोबर येतं म्हणून खूश होऊ नका, सह्याद्रीच्या जुलैत पाणी पाठीकडनं झिरपत आत येतं आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात कव्हर पतंगासारखं उडतं. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळं सामान आणि तोंड पिळून बंद, एवढं पुरतं.

तर कुणी काय घ्यावं. हिमालयात स्वतःची सॅक स्वतः उचलणार असाल तर ५०. हम्प्ता पासला रोज कॅम्प पुढे सरकतो, पास ओलांडताना तुमचं स्वतःचं सगळं सामान पाठीवर असतं, तिथे नीट बेल्टवाली सॅकच लागते. केदारकंठाला समिटच्या दिवशी परत खाली यायचं असतं, मोठी सॅक तंबूत राहते, म्हणून सोबत घडी होणारी छोटी बॅग टाका किंवा टॉप लिडची बॅग होते अशी सॅक बघा. हिमालयात सामान खेचरावर देणार हे नक्की असेल तर माझं वरचं सगळं ५०चं पुराण विसरा, चांगल्या बेल्टची ३५ घ्या, ती वर्षभर वापराल, आणि खेचरावर द्यायला कुणाची तरी जुनी डफल मागून आणा. आणि हिमालय 'कधीतरी जाऊ' या यादीत असेल तर तेव्हाची सॅक आत्ता विकत घेऊ नका, पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतात, केदारकंठासाठी सांकरी गावातपण मिळतात. भाड्याची घेताना सगळी बकलं लावून-उघडून बघायची आणि बेल्ट पूर्ण आवळला की कमरेवर घट्ट बसतो का ते बघायचं, कारण दहा जणांनी वापरलेल्या सॅकचं फोम बाहेरनं छान दिसतं आणि आत पापड झालेलं असतं.